नंबर सहाची सळई

निरोगी माणसाला लघवीला बसल्यापासून उठेपर्यंत बावीस ते पंचवीस अंक लागतात. मनात, घाई न करता, एक-दोन-तीन असे मोजायचे. हे मी माझ्या धाकट्या भावावर मोजून पाहिले आहे. तो बांधाआड बसला होता आणि मी अलीकडे बैल धरून उभा होतो. त्याला हे अजून ठाऊक नाही. त्या वर्षी मला स्वतःला तीनशे दहा अंक लागत, आणि उठल्यावर पुन्हा बसावेसे वाटे.

हा विकार ज्यांना असतो ते तो लपवतात. मीही सहा वर्षे लपवला. लोकांना वाटते, बाहेरख्यालीपणा केल्याशिवाय असे होत नाही. माझे कारण वेगळे होते. बाविसाव्या वर्षी वलगावच्या पांदणीत, शेताकडच्या अरुंद वाटेत, कडब्याने भरलेल्या गाडीवरून मी घसरलो, आणि दोन पाय दोन बाजूंना होऊन गाडीच्या दांडीवर आदळलो. दोन दिवस रक्त गेले, मग थांबले. मी ते विसरूनही गेलो होतो. पुढे तिशी ओलांडल्यावर धार बारीक होत गेली. आधी सुतळीसारखी, मग सुतासारखी, आणि चाळिशीत थेंब-थेंब.

आमचे मूळ घर वलगावचे, काळ्या जमिनीचे. पण शेती भावाकडे होती आणि मी अमरावतीत परकोटाच्या आत बिऱ्हाड करून एका अडत दुकानात कापसाचा पारखी होतो. पारख्याचे काम सांगायला सोपे आहे. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतली चिमूट काढायची, दोन्ही अंगठ्यांत धरायची आणि हळूहळू ओढायची. हळू ओढले की तंतू एकमेकांतून सुटतात आणि त्यांची खरी लांबी दिसते. झटका दिला तर ते तुटतात आणि चांगला कापूसही आखूड ठरतो. ओढताना चिमूट कानाजवळ धरायची. सुका कापूस करकरतो, पाणी मारलेला गप्प राहतो. वीस वर्षे हे केल्यावर अंगठ्यांना अशी सवय लागली होती की घरात वात वळायला बसलो तरी आधी कापूस ओढून कानाशी नेत असे. बायको म्हणे, "देवाच्या दिव्याचा कापूस हाय थो, बाजारचा नाई."

तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती. तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, म्हणून आमच्या कापसाला कोणी कधी पाहिला नाही असा भाव आला होता. बाजारात गाड्यांची रांग परकोटाच्या वेशीबाहेर जाई. बडनेऱ्याकडे आगगाडीच्या रस्त्याची माती पडत होती. सगळ्यांना घाई होती. अशा वेळी पारखी दर घटकेला उठून भिंतीआड जातो आणि तीनशे दहा अंक परत येत नाही, हे कोणाला आवडेल? म्हणून मी पाणी पिणे कमी केले. दिवसाला दोन लोटे, मग एक. माझ्या हिशेबाने आत कमी गेले की बाहेर कमी येणार. हिशेब बरोबर होता, पण त्याचा उपयोग उलटा झाला. लघवी तांबडी आणि जळजळीत येऊ लागली.

मार्गशीर्षात दुकानाच्या कामाने अकोल्याला जावे लागले. माझी मुलगी अकोल्यास दिलेली, म्हणून बायकोही बरोबर निघाली. अमरावतीहून अकोल्यापर्यंत गाडीने तीन मुक्काम. त्या वाटेत मी सतरा वेळा गाडी थांबवली. गाडीवान शेवटी म्हणाला, "भाऊ, तुमी पायीच चला ना. म्या मांगून येतो."

अकोल्यास पोचलो त्या दुपारी जेवणानंतर सगळे बंद झाले. थेंबही नाही. पोट ढोलकीसारखे ताणले. मुलीच्या सासरी, व्याह्यांच्या अंगणात, मी भिंतीला कपाळ टेकून उभा होतो आणि घाम पायापर्यंत ओघळत होता. अशा जागी लाज किती वेळ टिकते ते मी तेव्हा पाहिले. सत्तर अंकही टिकली नाही. मी व्याह्यांना हाक मारली आणि सांगितले.

व्याही भला माणूस. त्याने काही विचारले नाही. मोठे घंगाळ गरम पाण्याने भरवले, मला कमरेपर्यंत त्यात बसवले. त्यांच्या घरात वाळलेली पळसफुले होती. ती मुलीने शिजवली आणि बायकोने फडक्यात घालून माझ्या ओटीपोटावर बांधली. अर्ध्या प्रहराने त्या घंगाळातच थेंब सुटले, मग बारीक धार. मी डोळे मिटून मोजत होतो. सहाशेपर्यंत मोजले, पुढे रडू आले म्हणून मोजता आले नाही.

व्याही दाराबाहेरून म्हणाला, "इवाई, झालं काय?"

"होऊन राहिलं."

"होऊ द्या. घाई नाई. घंगाळ तुमचंच समजा."

परत अमरावतीला आलो आणि दुसऱ्याच सकाळी सरकारी दवाखान्यात गेलो. बायको बरोबर आली, कारण तिला माझा भरवसा नव्हता.

दवाखान्यात तेव्हा मुंबईत शिकून आलेले एक डॉक्टर होते. वय तिशीच्या आसपास, बोलणे पुण्याकडचे, हात बायकांसारखे लहान. त्यांच्यावर गोरे सिव्हिल सर्जन, म्हणजे साहेब. ते आठवड्यातून दोनदा येत आणि कापाकापीचे काम तेच करीत. तिसरे, मलमपट्टी करणारे एक म्हातारे मुसलमान गृहस्थ, मूळचे एलिचपूरचे. त्यांना सगळे चाचा म्हणत.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला जो मी सहा वर्षे टाळत होतो. "बाहेर कुठे जाणे-येणे?"

मी सांगितले, गाडीच्या दांडीवर पडलो होतो.

"असं सगळेच सांगतात. कोणी गाडीवरून पडतो, कोणी झाडावरून."

बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "हे खरंच पडले होते, बापा. म्या हळद भरली होती. अन् भायेर जायले ह्यायले वेळ कुठी हाय? ह्यायले दिवसभर मोजायचंच काम."

डॉक्टर हसले आणि पुढे त्यांनी तो प्रश्न काढला नाही.

त्यांनी पाटीवर मूत्रमार्ग काढून दाखवला. जखम भरताना आतली कातडी आखडली होती आणि वाट एका जागी गवताच्या काडीएवढी राहिली होती. उपाय दोन. एक, साहेबांनी खालून कापून वाट मोकळी करायची. दोन, सळया.

चाचांनी एका कपड्यावर त्या सळया मांडून दाखवल्या. लांबीला वीतभराहून जास्त, रंगाने मधासारख्या तांबूस, वाकणाऱ्या. आत सुतारेशमाची वीण आणि वर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे रोगण, थरावर थर. जवस आमच्याच शेतात होतो, म्हणून मला त्या एकदम परक्या वाटल्या नाहीत. एकपासून बारापर्यंत नंबर होते. एक नंबर केरसुणीच्या काडीएवढा, सहा तुरीच्या कोवळ्या काडीएवढा, दहा म्हणजे जवळजवळ बोरू. दर तिसऱ्या दिवशी एक सळई आत घालायची, थोडा वेळ ठेवायची, काढायची. ती सैल बसू लागली की पुढचा नंबर.

"म्हणजे एकपासून दहापर्यंत सत्तावीस दिवस," मी म्हणालो.

"तसं तुम्ही मोजलंत. वाट तसं मोजत नाही," डॉक्टर म्हणाले. "एखाद्या नंबरावर पंधरा दिवसही अडू. जोर केला की आत चिरते, आणि चिरलं की भरताना आणखी आखडते. सळईनं वाट काढायची नसते. सळईनं नुसतं दाराशी थांबायचं, वाट आपण होऊन सैल होते."

मी कापण्याबद्दल विचारले. ते एका दिवसाचे काम होते. दुकानाच्या मालकाचेही मत तेच पडले असते, हंगाम चालू होता. मी विचारले, "कापलेल्यांपैकी उठले किती?"

डॉक्टरांनी पाटी पुसली. "मी स्वतः चार पाहिले. तीन उठले."

एखाद्या शेतकऱ्याच्या चार गाड्यांत एक खराब निघाली तर मी त्याला पुढच्या वेळी दारात उभा करीत नसे. मी सळया पत्करल्या.

पहिल्या दिवशी नंबर एक गेली. चाचा सळई आधी कोमट पाण्यात ठेवीत, ती मऊ झाली की गोडे तेल लावीत, आणि डॉक्टर ती दोन बोटांत धरून इतकी हळू सरकवीत की ती सरकते आहे की नाही हे मला कळत नसे. जागा आली की आत अंगार टेकल्यासारखे होई. मी मोजायला लागलो. मोजले की मला बरे वाटते.

चाचा म्हणाले, "भाऊ, रामाचं नाव घ्या ना. आकडे कायले?"

"रामाच्या नावानं किती झालं ते समजत नाई, चाचा."

पलीकडच्या खाटेवर पाय मोडलेला एक माळी होता. तो माझे ओठ हलताना पाही. तीन-चार वेळा पाहिल्यावर तो कोणाला तरी म्हणाला, "मोठा भक्त माणूस हाय. जप थांबतच नाई."

पौषापर्यंत मी नंबर पाचवर आलो. तीनशे दहाचे एकशे साठ झाले होते. डॉक्टरांनी पाणी प्यायला लावले होते, दिवसाला आठ लोटे, आणि मी ते मोजून पीत होतो. दुकानात मी आता भिंतीआड गेलो तर मागून गाड्या अडत नव्हत्या. मी रात्री सलग झोपू लागलो. बायकोची एक सवय झाली. मी परसातून आलो की ती चुलीशी बसल्या बसल्या विचारी, "किती?" मी आकडा सांगे. कमी असला की ती नुसती मान हलवी. जास्त असला की म्हणे, "पाणी नाई प्याले तुमी आज."

मग नंबर सहाचा दिवस आला, आणि मी ती चूक केली.

सकाळी थंडी फार होती. मी लवकर पोचलो. चाचांनी कपड्यावर पाच आणि सहा या दोन सळया मांडल्या आणि ते कोमट पाणी आणायला आत गेले. मी एकटाच होतो. नवी सळई कशी आहे ते पाहावे म्हणून उचलली. पुढचे मी ठरवून केले नाही. अंगठ्यांनी केले. दोन्ही अंगठ्यांत टोकाकडचा भाग धरला, वाकवला, ओढला आणि कानाजवळ नेला, जसे दिवसातून दोनशे वेळा करीत असे. थंडीने ती कडक झाली होती. बारीकसा 'कट्' आवाज आला. मी उजेडाकडे धरून पाहिली. मला काही दिसले नाही. ठेवून दिली.

डॉक्टर आले. नंबर पाच सहज गेली. मग सहा. जागेपर्यंत नीट गेली आणि तिथे काहीतरी ओरखडत गेल्यासारखे झाले. मी एकेचाळीसवर ओरडलो. डॉक्टरांनी सळई लगेच काढली. तिच्यामागून रक्त आले, चांगले ओंजळभर.

त्या दुपारी मला हुडहुडी भरली. तीन घोंगड्या घातल्या तरी दात वाजत होते, मग ताप चढला. दवाखान्यातच ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी लघवी पुन्हा थेंबावर आली, रक्ताच्या गाठींसकट. मी मोजले नाही.

डॉक्टर दिवसातून चार वेळा येऊन बसत. त्यांचा चेहरा उतरला होता. एकदा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी जोर केला नव्हता. पण केलाच असेन. त्याशिवाय असं होत नाही."

तिसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी माझे पोट दाबून पाहिले, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले आणि निघून गेले. डॉक्टरांनी मला सांगितले, "साहेबांचं म्हणणं, तुमची वाट सळई सोसत नाही. आणखी सळया घातल्या तर आणखी चिरेल. ताप उतरला की येत्या सोमवारी कापायचं." आणि मग हळू आवाजात, "मला वाटलं होतं तुम्हाला यातून वाचवीन."

चारातला एक. मी डोळ्यांपुढे चार गाड्या उभ्या केल्या आणि चौथीत स्वतःला बसलेला पाहिला.

पण तो 'कट्' आवाज माझ्या कानात होता. मला तो पहिल्याच दिवशी आठवला होता. मी तो मागे सारत होतो. एक तर खात्री नव्हती. दुसरे, सरकारी वस्तू मी खराब केली हे कसे सांगायचे? आणि तिसरे, खरे ते हेच: सगळ्या बाजारात माझ्या अंगठ्यांचे नाव होते. त्या अंगठ्यांनी माझेच असे केले हे तोंडातून निघेना.

दुपारी बायको भाकरी घेऊन आली. तिला मी सांगितले.

तिने भाकरीचे फडके खाली ठेवले. "थे डॉक्टरले सांगतलं काय?"

"नाई."

"काहून?"

"काय सांगू? का पोरावानी हातात घेऊन मोडली म्हणून?"

"कोनं कापसात पाणी मारलं तं तुमी भर बाजारात त्याचं नाव घेता," ती म्हणाली. "त्याचं तोंड काळं करता. अन् आता तुमचं पाणी थो डॉक्टर आपल्या डोक्यावर घेऊन फिरून राहिला. दोन दिवसापासून पाहून राहिली मी, त्याले भाकर गोड लागून नाई राहिली. अन् तुमी स्वतःले कापून घ्याले तयार, पण सांगाले नाई."

मी म्हणालो, "माझी खात्री नाई ना. काई दिसलं नव्हतं."

"दिसत नाई थे तुमीच तं पाहता," ती म्हणाली. "कसं पाहता थे मले काय विचारता?"

हे तिने रागाने म्हटले, पण त्याने मला वाट दिली. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळते आणि बोटाला कळत नाही ते कापसाला कळते. ओबडधोबड लाकडावरून कापूस ओढला तर जिथे कुसळ असेल तिथे तंतू अडकतो. आमच्या दुकानात नव्या तराजूची दांडी आम्ही अशीच पाहत असू.

मी चाचांना हाक मारली आणि विचारले की त्या दिवशीची नंबर सहा कुठे आहे. फेकली असती तर सगळे संपलेच होते. पण चाचा काही फेकणाऱ्यातले नव्हते. ती धुऊन, पुसून, त्यांनी कपाटात ठेवली होती. मी म्हणालो, डॉक्टरांना बोलवा, आणि थोडा कापूस आणा.

"जखमेचा?"

"कोनताही. सुका पायजे."

डॉक्टर आले. मी उठून बसलो आणि त्यांना सगळे सांगितले, मी काय केले, कसे केले, आवाज कोणता आला. सांगताना मी त्यांच्याकडे पाहिले नाही, सळईकडेच पाहत होतो. मग कापसाची चिमूट सळईभोवती धरली आणि मागच्या टोकाकडून हळू ओढत आणली. वीतभर गुळगुळीत आली. टोकाअलीकडे चार बोटांवर कापूस अडला. सोडला तर तिथे पाच-सहा तंतू लोंबत राहिले. पुन्हा ओढला. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी स्वतः ओढला आणि त्यांच्या हातालाही तिथेच अडला. त्यांनी ती जागा नखाने उचकली तशी रोगणाची बारीक कपची उभी राहिली, माशाच्या खवल्यासारखी.

डॉक्टरांनी सळई कपड्यावर ठेवली. मला वाटले, आता रागावतील. त्यांनी एवढेच विचारले, "तुम्ही हे परवा का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"मी दोन दिवस झोपलो नाही, अहो."

"माहीत आहे. बायकोनं सांगितलं."

चाचा मागे उभे होते. ते म्हणाले, "म्या बी पाण्यात टाकायच्या आंधी हात फिरवला नाई. अर्धा गुना माझा." पुढे मला हसून म्हणाले, "भाऊ, दुकानात जे पायजे थे ओढा. पन आमच्या सळया पोरी नाईत पसंत कराले."

सोमवारी साहेब आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्यापुढे सळई आणि कापूस ठेवला. साहेबांनी स्वतः दोनदा ओढून पाहिले. मग मला त्यांनी काहीतरी विचारले. डॉक्टरांनी मराठीत सांगितले, "साहेब विचारतात, यात खोट आहे हे तुम्हाला किती वेळात कळलं?"

मी म्हणालो, "कळायला एक अंक. सांगायला तीन दिवस."

डॉक्टरांनी ते कसे सांगितले ठाऊक नाही, पण साहेब हसले. त्यांनी मांडलेली हत्यारे चाचांना परत नेऊन ठेवायला सांगितली. मी ती जाताना पाहिली. पंधरा दिवस काही करायचे नाही, नुसते पाणी आणि बार्लीची पेज. मग पुन्हा नंबर तीनपासून सुरुवात, आणि कुठेही अडले तर तिथेच थांबायचे, असे ठरले. त्या दिवसापासून दवाखान्यात प्रत्येक सळई वापरण्याआधी चाचा कापसातून ओढून पाहू लागले. मला ते बरे वाटले. त्यासाठी लागणारा कापूस मी दुकानातून लांब तंतूचा निवडून नेऊन देत असे.

पुढचे सांगण्यासारखे थोडे आहे, आणि ते चांगले आहे. नंबर तीन दोनदा घातली, चार तीनदा. पाचवर सोळा दिवस अडलो. मी आता दिवस मोजत नव्हतो असे म्हणणे खोटे होईल. मोजत होतो, पण त्यांना घाई करीत नव्हतो. सहाच्या दिवशी डॉक्टरांनी सळई माझ्याच हातात दिली आणि म्हणाले, "पाहा." मी कापूस ओढला. अडला नाही. कानाजवळ मात्र नेली नाही. ती गेली तेव्हा मी शंभरपर्यंत मोजले आणि ते शंभर सरळ गेले. माळी तोवर कुबडी घेऊन चालू लागला होता. जाताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, माझ्या जपाने त्याचा पाय जुळला. मी त्याला खरे सांगायला गेलो तर चाचांनी मला डोळ्याने गप्प केले.

फाल्गुनात आठ झाली, चैत्रात दहा. डॉक्टर म्हणाले, पुढे जायची गरज नाही, पण ही वाट मोकळी सोडली तर पुन्हा आखडते. म्हणून चाचांनी मला स्वतः सळई घालायला शिकवले. पहिल्या वेळी मी सळई नुसती धरून बसलो. चाचा म्हणाले, "कापूस हळू ओढता ना? तसंच. उलटं." आठ दिवसांनी एकदा, जन्मभर. डॉक्टरांनी मला एक नंबर दहाची सळई दिली. ती मी पोकळ वेळूच्या नळीत, खालीवर सुका कापूस घालून ठेवतो. उन्हाळ्यात रोगण चिकट होते म्हणून नळी पाण्याच्या माठांजवळ टांगतो. पाहुणे विचारतात, हे काय. बायको सांगते, "ह्यायचं देवघर."

वैशाखात आम्ही अकोल्याला गेलो. हंगाम सरला होता, वाटेवर कापसाच्या गाड्या नव्हत्या, कडुनिंबाखाली बैल सोडून लोक पडले होते. तीन मुक्कामांत मी पाच वेळा उतरलो. बायकोने मोजले होते. तिसऱ्या मुक्कामी ती म्हणाली, "बैलं तुमच्याहून जास्त वेळा थांबले या खेपी."

अंगणात पाय धुताना व्याही बाहेर आला. मला खालून वर पाहिले आणि म्हणाला, "इवाई, घंगाळ तापवू काय?"

"तापवा," मी म्हणालो. "आंघोळ करतो."

अकोल्यात आम्ही नऊ दिवस राहिलो. आठव्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीचे दार लावले, नळीतून सळई काढली आणि कापसाची चिमूट तिच्यावरून ओढली. अकोल्याचा कापूस अमरावतीपेक्षा थोडा आखूड होता, पण कामाला चालला. कुठे अडला नाही. कोमट पाणी मुलीने ठेवले होते. तिला काय कशासाठी हे मी सांगितले नव्हते, तिच्या आईने सांगितले असणार. सळई गेली, शंभर अंक राहिली, आली. मग परसात जाऊन बसलो.

परत आलो तेव्हा व्याह्याच्या चुलीशी माझी बायको, मुलगी आणि विहीण तिघी बसल्या होत्या. बायकोने वर न पाहता विचारले, "किती?"

"चोवीस."

विहिणीने विचारले, "काय चोवीस?"

बायकोने तव्यावरची भाकरी उलटली. "काई नाई," ती म्हणाली. "ह्यायचा हिशोब बरोबर निंघाला."